यॉर्कच्या तळघरातला मठ : पुरावा ‘जागेवर’ आहे म्हणजे नक्की काय?

संशोधनाला लागलेल्या प्रत्येकाला गाईड कधी ना कधी एक प्रश्न विचारतात : सॅम्पल कुठून घेतलंस? मला पहिल्यांदा विचारला तेव्हा तो फॉर्ममधला रकाना भरण्यासारखा प्रश्न वाटला होता. ठिकाणाचं नाव, तारीख, पिशवीवरचा नंबर, झालं काम. त्या प्रश्नाचा धसका बसला तो बराच नंतर, इंग्लंडमधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात. त्या इमारतीबद्दल आज लिहितेय. इमारतीचं कौतुक आहेच, पण तक्रारही आहे, आणि तक्रारीचा काही भाग माझ्या स्वतःच्या प्रबंधाला लागू पडतो.

माझा विषय जुन्या बांधकामातला चुना. दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना कसा खराब होतो, त्यात क्षार कसे साचतात, हे मी बघते. एका कार्यशाळेसाठी यॉर्कला जाणं झालं आणि एक दुपार मोकळी मिळाली. तिथलं यॉर्कशायर म्युझियम बघायला गेले.

बाहेरून ही इमारत म्हणजे ग्रीक देऊळ. समोर डोरिक पद्धतीचे जाडजूड खांब, वर त्रिकोणी माथा. विल्यम विल्किन्स हा तिचा वास्तुकार, लंडनची नॅशनल गॅलरी ज्याने केली तोच. १८३० च्या फेब्रुवारीत ती उघडली. बागेत थोडं चाललं की सेंट मेरीज ॲबीच्या चर्चची एक उंच भिंत उभी दिसते, खिडक्यांच्या रिकाम्या कमानींसकट. फोटो सगळे तिचेच काढतात. मीही काढला. पण मठाचा मला जास्त महत्त्वाचा वाटलेला भाग संग्रहालयाच्या आत, खालच्या मजल्यावर आहे : मठातल्या शेकोटीच्या खोलीची चूल आणि चॅप्टर हाऊसच्या पुढच्या दालनाचे अवशेष. हे दगड कुठून आणून मांडलेले नाहीत. जिथे रचले गेले तिथेच आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर संग्रहालय उभं आहे.

हा मठ बेनेडिक्टाइन पंथाचा. १०८८ च्या सुमारास राजा दुसरा विल्यम याच्या आश्रयाने त्याची नव्याने स्थापना झाली आणि उत्तर इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांत तो गणला जाऊ लागला. मठाचा एक प्रकरण रोज वाचून सगळे भिक्षू जिथे बसत, ती सभेची खोली म्हणजे चॅप्टर हाऊस. नियमांचं ‘चॅप्टर’ वाचायचं म्हणून ते नाव. शेकोटीची खोली हा त्याहून साधा प्रकार. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर मठात विस्तव पेटायचा तो बहुतेक तिथेच. यॉर्कच्या थंडीत बोटं आखडलेले भिक्षू तिथे येऊन शेकत असणार. मला त्या चुलीसमोर उभं राहिल्यावर चर्चच्या उंच भिंतीपेक्षा जास्त काहीतरी मिळालं, हे कबूल करते. भव्य भिंत पाहून माणसांची कल्पना येत नाही. चूल पाहून येते.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. मठाधिपतीचं घर राजाच्या कारभाराला उपयोगी पडलं म्हणून टिकलं. ते आजही ‘किंग्ज मॅनर’ नावाने उभं आहे. बाकीचा मठ ही शहराची फुकटची दगडखाण झाली. अठराव्या शतकात तिथला दगड तुरुंगाच्या बांधकामाला गेला, बेव्हर्लीच्या मोठ्या चर्चच्या दुरुस्तीला गेला. चुनखडीचा दगड असल्यामुळे काही भट्टीत भाजून त्याचा चुनाही केला गेला. चुन्यावर काम करणाऱ्या माणसाला हे वाचताना गंमत वाटते आणि वाईटही वाटतं. शहरातल्या कुठल्यातरी घराच्या सांध्यात या मठाच्या कमानी आज पिठासारख्या भरलेल्या असतील.

आता मुद्द्याची गोष्ट. हे संग्रहालय बांधलं कोणी? यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटीने. ‘फिलॉसॉफिकल’ म्हणजे तेव्हाच्या भाषेत विज्ञान. ही मंडळी १८२२ मध्ये एकत्र आली त्यामागे एक गुहा होती. १८२१ मध्ये यॉर्कशायरमधल्या कर्कडेल इथे खाणीत काम करताना एक गुहा उघडी पडली आणि आत तरस, हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची हाडं सापडली. इंग्लंडमध्ये पाणघोडा! तेव्हाचं सोपं उत्तर असं होतं की महापुरात ती वाहून आली असणार. ऑक्सफर्डचा विल्यम बकलंड तिथे गेला आणि त्याने हाडं कशी पडली आहेत ते पाहिलं. ती चावलेली होती. तरसाची वाळलेली विष्ठा तिथेच होती. मोठा पाणघोडा अख्खा आत शिरेल एवढं गुहेचं तोंडच नव्हतं. त्याने जिवंत तरसाला बैलाची हाडं चघळायला दिली आणि दातांच्या खुणा ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा, की ही तरसांची राहती गुहा आहे, प्राणी याच प्रदेशात जगले आणि तरसांनी त्यांचे तुकडे आत ओढून आणले. या कामासाठी त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

म्हणजे बघा, सगळा युक्तिवाद कशावर उभा आहे? वस्तू कुठे, कशी, कशाच्या शेजारी पडली आहे यावर. नुसतं पाणघोड्याचं हाड कपाटात ठेवलं असतं तर त्यातून ‘इथे पाणघोडा होता’ एवढंही ठामपणे म्हणता आलं नसतं. कर्कडेलची हाडं नीट ठेवायला जागा हवी, हे सोसायटी स्थापन होण्याचं एक कारण होतं. पुढे सोसायटीला मठाची जमीन मिळाली, भोवती वनस्पतींची बाग करायची या अटीवर. आणि १८२७ ते १८२९ या काळात, संग्रहालयाचा पाया घेण्याच्या निमित्ताने, त्यांनी मठ खणला.

निमित्त काय होतं ते लक्षात ठेवा. ‘या मठाची रचना कशी होती’ असा प्रश्न घेऊन कोणी खणायला बसलं नव्हतं. इमारत उभी करायची होती आणि खाली मठ निघाला. हे काम निष्काळजीपणे झालं असं मी म्हणणार नाही. चार्ल्स वेलबिलव्ह्ड या धर्मोपदेशकाने त्याचा वृत्तांत लिहिला, नकाशे आणि चित्रं तयार झाली, आणि लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजने ती १८२९ मध्ये मोठ्या आकारात छापली. त्या काळाच्या मानाने हे फार चांगलं काम आहे. आजचे कितीतरी रिपोर्ट छापलेच जात नाहीत, तिथे हे लोक वर्षभरात छापून मोकळे झाले.

पण तळघरात उभं राहिलं की एक गोष्ट टोचत राहते. आपल्याला दिसतो तो मठाचा तेवढाच तुकडा, जेवढा ग्रीक देवळाच्या पोटात मावला. जिथून नव्या भिंतीचा पाया गेला तिथलं जुनं कापलं गेलं असणार, कारण पाया असाच जातो. चूल राहिली, दालनाचा भाग राहिला, आणि त्या दोघांना मठाच्या उरलेल्या अंगाशी जोडणारी वाट संग्रहालयाच्या भिंतींनी तोडली. मूळ मठात तुम्ही क्लॉइस्टरच्या, म्हणजे चौकाभोवतीच्या ओसरीतून चालत चॅप्टर हाऊसच्या दारात यायचात. आज तुम्ही जिन्याने खाली उतरता आणि अवशेष एखाद्या खोलीतल्या वस्तूसारखे समोर येतात. दगड हलला नाही, पण त्याच्याकडे येण्याची दिशा हलली. मग ‘जागेवर आहे’ हे विधान किती टक्के खरं मानायचं?

माझी तक्रार नेमकी हीच आहे. ‘जागेवर जतन केलेलं’ हा शब्दप्रयोग ऐकला की आपण निर्धास्त होतो. त्यातून असं वाटतं की कोणी निवड केलेलीच नाही, जसं होतं तसं आहे. प्रत्यक्षात इथे निवड झालेली आहे आणि ती इमारतीच्या आराखड्याच्या सोयीने झालेली आहे. मठात जे महत्त्वाचं होतं ते उरलं, असं नाही. नव्या बांधकामाच्या आड न आलेलं उरलं.

याच खोदकामातली दुसरी गोष्ट पाहा. १८२९ मध्ये चर्चच्या भागात जवळपास माणसाएवढ्या उंचीचे दगडी पुतळे सापडले, बाराव्या शतकाच्या अखेरीचे. मोझेस आहे, येशूचे शिष्य आहेत. त्या काळातल्या इंग्लंडमधल्या शिल्पांत ते फार वरच्या दर्जाचे मानले जातात. पण ते सापडले तिथे मुळात उभे नव्हते. दुसरीकडून काढून तिथे टाकलेले होते. म्हणजे पुतळ्यांचं सौंदर्य शाबूत आणि जागा हरवलेली, तर चुलीची जागा शाबूत आणि बाकी सगळं भंगलेलं. पुतळे मूळचे चॅप्टर हाऊसचे की चर्चच्या दारावरचे, यावर अभ्यासकांचा वाद झाला तो यामुळेच. दोन तऱ्हेचा पुरावा एकाच इमारतीत आहे. आणि लोक थबकतात कुठे? अर्थातच पुतळ्यांपाशी. चुलीला कोण विचारतं!

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो पुरावा वाचण्याशीच संबंधित आहे. ऑक्टोबर ११३२ मध्ये याच मठात मोठं भांडण झालं. काही भिक्षूंना वाटत होतं की इथलं जगणं फार सैल झालंय, नियम कडक पाळायला हवेत. यॉर्कचा आर्चबिशप थर्स्टन चौकशीला आला तेव्हा त्याला आपल्या लोकांसह चॅप्टरच्या सभेत येऊ द्यायला मठाने नकार दिला आणि गोंधळ उडाला. शेवटी १३ जण बाहेर पडले आणि त्यांनी फाउंटन्स ॲबी स्थापन केली. अवशेषांसमोर उभं राहून ‘हेच ते ठिकाण’ म्हणायचा मोह होतो. ठिकाण तेच असेलही. पण आज दिसणारं चॅप्टर हाऊसचं बांधकाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे भांडणानंतरचं. या दगडांनी ते भांडण ऐकलेलंच नाही. शिवाय त्या दिवसाची हकिकत आपल्याला मुख्यतः कळते ती थर्स्टनच्या पत्रातून, म्हणजे बाहेर पडणाऱ्यांची बाजू घेणाऱ्याकडून. मागे राहिलेल्यांचं म्हणणं काय होतं? कदाचित ते नुसतेच थंडीने गारठलेले होते आणि शेकोटी सोडायला तयार नव्हते. (हा माझा तर्क, प्रबंधात लिहू नका.)

आता थोडं माझ्या विषयातलं. ‘छपराखाली घेतलं म्हणजे वाचलं’ ही समजूत दगडाच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. यॉर्कचा हा पांढुरका दगड मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोघांचे कार्बोनेट त्यात असतात. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड त्यावर बसला की दोन सल्फेट तयार होतात. कॅल्शियमचं सल्फेट म्हणजे जिप्सम, ते पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पावसापासून आडोसा असेल तिथे काळी खपली धरून बसतं. मॅग्नेशियमचं सल्फेट मात्र सहज विरघळतं, दगडाच्या छिद्रांत खोल जातं आणि सुकताना आतल्या आत स्फटिक बनून दगड फोडतं. लंडनच्या संसदभवनासाठी यॉर्कशायरमधल्याच ॲन्स्टनचा याच जातीचा दगड वापरला होता आणि तो थोड्याच वर्षांत झडू लागला, हे उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं.

आता अशा दगडाचे पाय ओल्या जमिनीत आहेत आणि अंग बंद खोलीत आहे, असं समजा. जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते, सोबत क्षार आणते, खोलीतल्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागाशी राहतात. बाहेर पाऊस निदान थोडं धुऊन तरी काढतो. आत ते साचत जातं. मग हवेतली आर्द्रता खालीवर झाली की खेळ सुरू. साधं मीठ घ्या : सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक. हिवाळ्यात खोली तापवली, आर्द्रता पडली. दार उघडलं, दमट हवा आली. दर फेरीला दगडाच्या छिद्रांवर दाब. संग्रहालयाची खोली माणसांच्या सोयीने उबदार ठेवावी लागते, आणि दगडाला हवी असते ती स्थिरता. या दोन गरजा एकाच खोलीत नांदवणं हे अवघड काम आहे, आणि १८३० च्या वास्तुकाराला त्याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

याच अडचणीचं वेगळं उत्तर मी परतीच्या वाटेवर जर्मनीत कोलोनला पाहिलं. तिथलं कोलुंबा संग्रहालय. इथे खाली मठ नाही, सेंट कोलुंबा नावाचं चर्च आहे, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनी उद्ध्वस्त झालेलं. ढिगाऱ्यात मेरीचा एक जुना पुतळा वाचला, त्याच्याभोवती गॉटफ्रीड ब्योम याने १९५० मध्ये छोटं प्रार्थनागृह बांधलं. १९७० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा खाली रोमन काळापासूनचे थर निघाले. या सगळ्यावर पीटर झुमथोर याने बांधलेलं संग्रहालय २००७ मध्ये उघडलं.

झुमथोरने काय केलं? जुन्या भिंती जिथे तुटल्या तिथूनच नवी करडी वीट वर चढवली. आणि अवशेषांच्या दालनाभोवतीच्या भिंतीत विटा जागोजागी सोडून जाळी केली. त्या जाळीतून उजेडाचे कवडसे येतात, हवा येते, रस्त्यावरचा आवाज येतो. बंद, तापवलेली खोली नाहीच. वरच्या मजल्यांचा भार पेलायला सडपातळ उंच खांब अवशेषांच्या मधोमध उतरवलेत, आणि तुम्ही नागमोडी लाकडी पुलावरून त्यांच्यामधून चालता. नव्या इमारतीने जुन्याला कुठे भोसकलंय ते लपवलेलं नाही, खांब मोजता येतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. आमच्या भाषेत सांगायचं तर हस्तक्षेप कुठे झाला ते उघड नोंदवलेलं आहे.

आणि त्या अंधुक दालनात कबुतरं घुमत असतात. खरी नव्हेत. संग्रहालय होण्याआधी हे अवशेष तात्पुरत्या आडोशाखाली होते, तेव्हा तिथे राहणाऱ्या कबुतरांचा आवाज बिल फॉन्टाना या ध्वनिकलावंताने १९९४ मध्ये टिपला होता. तोच तिथे वाजतो. भग्नावस्थेचा काळ हाही इतिहासाचाच एक थर आहे, हे इतक्या साध्या उपायाने सांगितलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण कोलुंबावरही माझा राग आहे. तिथे वस्तूंशेजारी पाट्या लावत नाहीत. बघणाऱ्याने आधी बघावं, मग हवं तर पुस्तिकेत शोधावं, अशी त्यांची भूमिका. चित्रांच्या बाबतीत मला ती पटते. अवशेषांच्या दालनात मात्र रोमन भिंत, मध्ययुगीन पाया आणि युद्धात कोसळलेला खांब एकाच सुंदर संधिप्रकाशात विरघळून जातात. कोणता थर कुणाच्या आधी, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अक्षांवर नावं नसलेला देखणा आलेख कोणी सेमिनारमध्ये दाखवला तर आपण हात वर करतोच ना? तसा तिथे माझा हात वर जायला बघत होता. यॉर्कमध्ये जागेचे संबंध तुटले, इथे काळाचे संबंध धूसर झाले. तरीही दोघांतून एक निवडायला सांगितलं तर दगडाच्या तब्येतीसाठी मी कोलुंबा निवडीन, आणि चुलीसाठी यॉर्क.

यॉर्कबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. सप्टेंबर १८३१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्सची पहिली सभा याच इमारतीत भरली. संग्रहालयाचा रक्षक जॉन फिलिप्स हा भूशास्त्रज्ञ, खडकांचे थर वाचण्यात हयात घालवलेला, त्याचा तयारीत मोठा वाटा होता. ‘सायंटिस्ट’ हा शब्द तेव्हा अजून तयार व्हायचा होता, विल्यम व्हेवेलने तो दोनेक वर्षांनी काढला. वर थरांचे जाणकार जमलेले, आणि खाली त्यांनीच स्वतःच्या पायासाठी कापलेला एक थर. मी त्यांना हसत नाहीये. हसायला मला जागाच उरलेली नाही, ती कशी ते सांगते.

माझे नमुने एका किल्ल्यावरचे आहेत. चुन्याचे. परवानगी मिळाली ती फक्त पडलेल्या भागांतून नमुने घेण्याची, उभ्या भिंतीला हात लावायचा नाही. नियम बरोबरच आहे. मी दोन वर्षं ढासळलेल्या भिंतींच्या ढिगातून चुन्याचे खडे गोळा केले, त्यांतले क्षार मोजले आणि मसुद्यात लिहिलं : ‘किल्ल्याच्या बांधकामातील चुन्यात क्षारांचं प्रमाण जास्त आढळतं आणि तेच ऱ्हासाचं कारण दिसतं.’ यॉर्कच्या तळघरात, त्या चुलीसमोर, हे वाक्य आठवलं आणि पोटात गोळा आला. माझ्याकडे किल्ल्याचा चुना नव्हताच. पडलेल्या भिंतींचा होता. ज्या भिंती उभ्या आहेत त्यांच्या चुन्यातही तेवढेच क्षार असतील तर माझं ‘कारण’ गेलं. शिवाय खाली पडल्यावर तो खडा किती पावसाळे मातीत होता? क्षार भिंतीत असताना शिरले की ढिगात असताना? मी नोंदवहीत ठिकाण लिहिलं होतं, तारीख लिहिली होती. खडा ढिगात वर होता की तळाशी, मातीला टेकलेला होता की दगडावर, हे लिहिलं नव्हतं. बकलंडने हाडांच्या बाबतीत १८२१ मध्ये जे पाहिलं तेच.

परत आल्यावर गाईडना सांगितलं. त्या फारशा दचकल्या नाहीत, त्यामुळे मीच जास्त दचकले. म्हणाल्या, ‘प्रकरणाचं शीर्षक बदल आणि नियंत्रण गटाचं बघ.’ शीर्षक बदललं : आता ते ‘ढासळलेल्या भागांतील चुना’ एवढंच आहे, ऱ्हासाचं कारण हा शब्द गेला. पुढच्या फेरीत प्रत्येक खड्याचा फोटो उचलण्याआधी काढला, ढिगातली खोली पट्टीने मोजली, खालची माती वेगळ्या पिशवीत घेतली. उभ्या भिंतीचा चुना न खरवडता क्षार तपासता यावेत म्हणून ओल्या कागदी लगद्याचा लेप लावून क्षार ओढून घेण्याची पद्धत शिकतेय. भिंतीला लेपाचा ओरखडाही राहणार नाही, असं अर्जात लिहून नवी परवानगी मागितली आहे. पावसाळ्याआधी उत्तर आलं तर यंदाच काम होईल, नाहीतर थेट दिवाळीनंतर.